फॉरमॅट मारण्याआधी : दोन सिस्टीमचा कॉम्प्युटर नेमका कुठे अडतो?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार काढून घेतला आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे कितीतरी धडधाकट कॉम्प्युटर बसल्या जागी जुने ठरले. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ज्यांच्याकडे हे नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टीमची, वाट धरली.

पण विंडोज एकदम सोडताही येत नाही. आमच्याकडच्या छापखान्यात एकाच दिवशी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लग्नपत्रिका निघतात. कोरलड्रॉ, श्रीलिपी, नुडी ही डिझाइनची आणि टायपिंगची सगळी मंडळी विंडोजवर राहणारी, हिशेबाचं टॅलीही तिथलंच. घरात इंजिनिअरिंगला असलेल्या पोराला मात्र उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, हवं असतं. मग एकाच मशिनवर दोन्ही घालतात आणि सुरू करताना हवं ते निवडतात. याला ड्युअल बूट म्हणतात.

काही महिने सुरळीत जातात. मग एका सकाळी पडद्यावर काळ्यावर पांढरी चार अक्षरं दिसतात आणि पुढे काहीच हलत नाही. दुकानात नेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘फॉरमॅट मारूया की, अर्ध्या तासाचं काम आहे.’ काम अर्ध्या तासाचंच असतं, पण त्यात पत्रिकांच्या फाइली, फोटो, प्रोजेक्ट सगळं जातं. आणि बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. अशा मशिनमध्ये सहसा तुमचा डेटा गेलेला नसतो, डेटापर्यंत जाणारी वाट कुठेतरी तुटलेली असते. ती कुठे तुटली हे पडद्यावरच लिहिलेलं असतं, फक्त वाचता यायला हवं.

बटण दाबल्यावर आधी कोण जागं होतं?

विंडोज नाही आणि लिनक्सही नाही. आधी जागा होतो मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम. जुन्या मशिनांत तो बायोस असायचा. विंडोज ८ आलं त्या सुमारापासूनच्या, म्हणजे २०१२ नंतरच्या बहुतेक मशिनांत त्याच्या जागी यूईएफआय आहे. लोक त्यालाही बायोसच म्हणतात, आणि सेटिंगचा तो निळा-काळा पडदा उघडण्यापुरतं तसं म्हटलं तरी काही बिघडत नाही.

बेळगावच्या मुख्य बस स्टँडवर कर्नाटकची लाल गाडी लागते आणि महाराष्ट्राची एसटीही. डेपो वेगळे, ड्रायव्हर वेगळे, तिकिटं वेगळी. पण कुठली गाडी आधी सोडायची हे कंट्रोलर त्याच्याजवळचा कागद बघून ठरवतो. यूईएफआय हा तो कंट्रोलर. त्याच्याकडेही एक यादी असते : ‘विंडोज बूट मॅनेजर’, ‘उबुंटू’, पेनड्राइव्ह लावला असेल तर तोही. प्रत्येक नावापुढे पत्ता असतो, डिस्कच्या कुठल्या भागातल्या कुठल्या फाइलीपासून सुरुवात करायची त्याचा. ही यादी डिस्कवर नसते, मदरबोर्डवर असते. म्हणून डिस्क ठणठणीत असूनही मशीन सुरू न होणं शक्य असतं.

आता डिस्कवर या. डिस्कचे जे भाग पाडलेले असतात त्यांना पार्टिशन म्हणतात. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह ही आपल्या ओळखीची. त्यांच्याबरोबर एक चिमुकलं पार्टिशन असतं, विंडोजने केलेलं असेल तर बहुधा १०० एमबीचं. हे ईएफआय पार्टिशन. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ते दिसत नाही, त्यामुळे ते आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘उबुंटू’ अशी दोन फोल्डर शेजारी शेजारी असतात. उबुंटूच्या फोल्डरातून ग्रब सुरू होतो. ग्रब म्हणजे तो जांभळा किंवा काळा पडदा, ज्यावर विंडोज की लिनक्स ते निवडता येतं. तुम्ही लिनक्स निवडलंत की ग्रब कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मेमरीत चढवतो. मग कर्नेल लिनक्सचं मोठं पार्टिशन उघडतो आणि तुमच्या फाइली समोर येतात.

फाइली या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला आहेत. आधीच्या कड्यांत तुमचा एक फोटोही ठेवलेला नसतो. कंट्रोलरच्या कागदावरून नाव पुसलं गेलं म्हणून फलाटावरची गाडी मोडत नाही.

सरळ विंडोजच उघडतं, लिनक्सचं नावही नाही

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही, आणि सगळ्यात किरकोळही हीच. विंडोजचं मोठं अपडेट येऊन गेलं की यादीत ते स्वतःला पहिलं लावून घेतं. लिनक्स जागच्या जागी असतं, त्याचा नंबर तेवढा खाली गेलेला असतो.

खात्री करायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही आणि पेनड्राइव्हही लागत नाही. विंडोज चालू असताना शिफ्ट दाबून धरा आणि रिस्टार्टवर क्लिक करा. निळा पडदा येईल. त्यात ‘यूज अ डिव्हाइस’ असा पर्याय असेल तर तो उघडा. तिथे ‘उबुंटू’ दिसलं आणि त्यावर क्लिक करून लिनक्स उघडलं, की दुखणं फक्त क्रमाचं होतं. मग बायोसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात उबुंटू वर आणायचं. बायोसची किल्ली प्रत्येक कंपनीची निराळी : डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होला मॉडेलप्रमाणे एफ१ किंवा एफ२. बटण दाबल्याबरोबर ती किल्ली टकटक मारत राहायची, लोगो येऊन गेल्यावर दाबून उपयोग नाही.

यादीत उबुंटू नसेलच, तर नाव पुसलं गेलंय. काही बायोसमध्ये ‘अ‍ॅड बूट ऑप्शन’ असतं. तिथून ईएफआय पार्टिशन उघडून उबुंटूच्या फोल्डरातली ‘शिमएक्स६४’ ही फाइल दाखवली की नाव परत येतं. ती सोय नसेल तर लाइव्ह यूएसबी लागतो, त्याचं खाली सांगतो.

काळा पडदा आणि नुसतं ‘ग्रब’

घाबरवणारा पडदा हा. डाव्या कोपऱ्यात ‘ग्रब’ किंवा ‘ग्रब रेस्क्यू’ आणि पुढे लुकलुकणारी रेघ. लोक इथे मशीन बंद करतात आणि दुकान गाठतात. खरं तर या पडद्याने बरंच काही सांगून टाकलेलं असतं. कंट्रोलर ठीक आहे, यादी ठीक आहे, ईएफआय पार्टिशनही वाचता आलंय, नाहीतर ग्रब इथवर आलाच नसता. त्याला आपलं पुढचं सामान मिळत नाहीये, एवढंच.

दोन पडद्यांत फरक आहे. नुसतं ‘ग्रब’ असेल तर ग्रब पुरता जागा आहे, त्याला मेनूची फाइल तेवढी सापडलेली नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ असेल तर त्याचे स्वतःचे सुटे भागही हरवलेत, आणि त्याला मोजक्याच आज्ञा कळतात.

हे होतं कशाने? लिनक्स ज्या पार्टिशनवर होतं ते हललं, बदललं किंवा गेलं. आमच्या ओळखीच्या एका छापखान्यात हेच झालं. लग्नसराईत डी ड्राइव्ह भरला, तेव्हा तिथल्या पोराने विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डोकावलं. तिथे नाव नसलेलं, ड्राइव्हचं अक्षर नसलेलं एक मोठं पार्टिशन दिसलं. ‘रिकामं दिसतंय’ म्हणून त्याने ते उडवलं आणि जागा डी ड्राइव्हला जोडली. ते लिनक्स होतं. विंडोजला लिनक्सची पार्टिशनं वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे ती अशी बेवारस दिसतात. दुसऱ्या दिवशी मशीनवर ग्रबचा पडदा, आणि मालकांची समजूत अशी की विंडोजसकट सगळं गेलं.

विंडोज कुठेही गेलेलं नव्हतं. मशीन सुरू करताना बूट मेनूची किल्ली दाबायची (डेल आणि लेनोव्होला सहसा एफ१२, एचपीला एफ९) आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडायचं. ग्रबला वाटेत न घेता विंडोज थेट उघडतं. पत्रिकांच्या सगळ्या फाइली जागेवर होत्या. मशीन जुन्या बायोस पद्धतीचं असतं तर एवढ्यावर भागलं नसतं. तिथे डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या तुकड्यात ग्रब बसलेला असतो आणि विंडोजच्या दुरुस्ती-यूएसबीवरून तो तुकडा पुन्हा लिहावा लागतो. तेव्हाही फाइली शाबूत असतात.

पार्टिशन उडालेलं नसून त्याचा क्रमांक तेवढा बदललेला असेल, तर ग्रबला हात धरून नेता येतं. ‘एलएस’ लिहून एंटर मारलं की डिस्क आणि पार्टिशनं दिसतात, ‘एचडी०, जीपीटी५’ अशा धाटणीची. एकेकात डोकावून बूट आणि ग्रब ही फोल्डर कुठे आहेत ते शोधायचं, ‘सेट’ने तो पत्ता ग्रबला द्यायचा आणि ‘इन्समॉड नॉर्मल’, मग ‘नॉर्मल’. मेनू उगवतो. ज्याला टायपिंगचा कंटाळा आहे त्याने या फंदात न पडता लाइव्ह यूएसबी घ्यावा.

लाइव्ह यूएसबी म्हणजे ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स इन्स्टॉल केलं तोच. त्यावर अख्खं लिनक्स डिस्कला हात न लावता चालतं. ‘ट्राय उबुंटू’ निवडलं की काम करण्याजोगा डेस्कटॉप येतो, फाइल मॅनेजरमधून जुनी पार्टिशनं उघडतात, आणि फाइली आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घेता येतात. माझा आग्रह या पायरीचा आहे. दुरुस्ती मागाहून, आधी फाइली बाहेर. मग ‘बूट रिपेअर’ नावाचं मोफत साधन आहे, ते ग्रब पुन्हा बसवून देतं. एवढं लक्षात ठेवा की मशीन यूईएफआयचं असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू झालेला हवा. बूट मेनूत तो बऱ्याचदा दोनदा दिसतो, त्यातला ज्याच्या आधी ‘यूईएफआय’ लिहिलंय तो घ्यायचा. उलटा घेतला तर ग्रब भलत्याच पद्धतीने बसतो.

मेनू येतो, पण विंडोज त्यात नाही

ग्रबने २०२१च्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टीम शोधणं मुळातच बंद ठेवलं आहे, सुरक्षेच्या कारणाने. लिनक्समध्ये ग्रबच्या सेटिंगची फाइल उघडून ‘डिसेबल ओएस प्रोबर’च्या ओळीत ‘फॉल्स’ करायचं, ओळ नसेल तर घालायची, आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्यायचं. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत. विंडोज यादीत परत येतं.

लाईट गेली होती का?

हा प्रश्न मी आधी विचारतो, विशेषतः पावसाळ्यात आणि खानापूरच्या बाजूचा फोन असेल तर. लिनक्स डिस्कवर काही लिहीत असताना वीज गेली तर लिहिणं अर्धवट राहतं. ज्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे आणि जो कायम प्लगवर चालतो, त्याचीही तीच गत. पुढच्या वेळी ग्रबचा मेनू नीट येतो, लिनक्स निवडता, आणि पडदा ‘इनिट-रॅम-एफएस’ या शब्दावर थांबतो. वर कुठेतरी ‘रन एफएससीके मॅन्युअली’ लिहिलेलं असतं.

म्हणजे कर्नेल उठला आहे, पण पार्टिशनमधला हिशेब जुळत नाही म्हणून ते उघडायला तयार नाही. पडद्यावर पार्टिशनचं नाव दिलेलं असतं, ‘एसडीए५’सारखं. ‘एफएससीके’ ही आज्ञा त्या नावासह द्यायची. प्रत्येक दुरुस्तीला ‘हो’ म्हणायचं असेल तर ‘वाय’ हा पर्याय जोडायचा. ती अर्धवट नोंदी निस्तरते. मग ‘एक्झिट’ लिहायचं. दहातल्या नऊ वेळा इथे सुटका होते. तोच पडदा आठवड्याभरात पुन्हा आला तर मात्र डिस्कच थकली आहे असं समजा आणि नवीन घ्या. तिथे आज्ञांनी काही होत नाही.

डेस्कटॉपवाल्यांसाठी आणखी एक. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. तो संपला की मेन स्विच बंद केल्यावर बायोस सगळं विसरतो. तारीख कित्येक वर्षं मागे जाते, सेटिंग मूळ पदावर जातात आणि त्यांच्याबरोबर कधी बूटचा क्रमही. दर सोमवारी सकाळी, म्हणजे रविवारी दुकान बंद ठेवल्यावर, मशीन अडत असेल तर सॉफ्टवेअर शोधत बसू नका. सेल बदला.

‘सिक्युअर बूट बंद करून टाक’

हा सल्ला जो तो देतो. सिक्युअर बूट म्हणजे कंट्रोलरने गाडी सोडण्याआधी केलेली कागदपत्रांची तपासणी. ज्या फाइलीवर ओळखीची डिजिटल सही आहे तीच तो पुढे सोडतो. लिनक्सवाले यासाठी ‘शिम’ नावाची छोटी फाइल वापरतात. तिच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि ती पुढे ग्रबची हमी घेते.

सीमेवर वातावरण तापलं की एसटी कोगनोळीलाच थांबते, तिचे कागद कितीही चोख असोत. ऑगस्ट २०२४मध्ये लिनक्सचं असंच झालं. विंडोजच्या एका अपडेटने जुन्या, धोक्याच्या ठरलेल्या बूटलोडरांना, म्हणजे शिम-ग्रबसारख्या सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमना, बंदी घातली. ड्युअल बूटच्या मशिनांना ते लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, पण अनेक मशिनांना ते लागू झालंच. पडद्यावर ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ आणि ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असा संदेश आला आणि मशीन बंद. त्या वेळी उपाय हाच होता : सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जायचं, बंदीची ती नोंद पुसायची, लिनक्स अद्ययावत करायचं आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं.

तेव्हा बंद करणं चूक नाही, बंदच ठेवणं बरं नाही. आणि त्याआधी एक गोष्ट पाहिल्याशिवाय तिथे हातच लावू नका, ती म्हणजे बिटलॉकर.

विंडोज बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं. सेटिंगमध्ये ते ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ नावाने दिसतं. बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाला की त्याला संशय येतो आणि ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. पण ते खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं असेल तर? असं आमच्याकडे सर्रास होतं. फाइली खरोखर हातच्या जाण्याची वेळ येते ती इथे. ती की नसेल तर डेटा कुणालाच परत काढता येत नाही, ना दुकानाला, ना कंपनीला. म्हणून मशीन चालू आहे तोवर ते ४८ आकडे वहीत उतरवून ठेवा.

२०२६मध्ये याच सह्यांशी जोडलेली आणखी एक बातमी फिरते आहे. सिक्युअर बूटच्या २०११च्या प्रमाणपत्रांची मुदत त्या वर्षीच्या जूनपासून संपायला लागते आणि २०२३ची नवी त्यांच्या जागी येतात. ‘जूननंतर लिनक्स चालू होणार नाही’ असे मेसेज आले असतील तर घाबरू नका. आधी सही झालेल्या फाइली मुदत संपली म्हणून त्याच दिवशी नाकारल्या जात नाहीत. पुढच्या काळातल्या नव्या सह्या ओळखायला नवी प्रमाणपत्रं लागतील, तेव्हा बायोसची आणि विंडोजची अपडेटं टाळू नका.

एवढ्या खटाटोपापेक्षा फॉरमॅट सोपा नाही का?

दुकानदारासाठी सोपा आहे, हे खरं. त्याला एकेका मशिनपाठी तासभर निदान करत बसणं परवडत नाही, गिऱ्हाईक दारात उभं असतं. त्यात त्याचं फार चुकतं असंही मला वाटत नाही. पण तुम्ही त्याला दोन वाक्यं सांगू शकता : ‘आधी लाइव्ह यूएसबीवरून फाइली दिसतात का बघा, आणि दिसल्या तर बाहेर काढा. मग काय ते करा.’ याला जो तयार नाही त्याच्याकडे मशीन ठेवू नका.

लिनक्समधून विंडोजच्या फाइली उघडतात, पण सेव्ह होत नाहीत

हा खरं तर बूटचा बिघाड नव्हे, तरी लोक त्याच यादीत धरतात. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं. झोपलेल्याच्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं, म्हणून लिनक्स तो फक्त वाचू देतं. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन ते बंद करा.

घड्याळाचं तसंच. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्समध्ये ‘टाइम-डेट-सीटीएल’ या आज्ञेने स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की भांडण मिटतं.

मग दोन्ही एकाच डिस्कवर ठेवायचीच कशाला?

हा आक्षेप मला पटतो. विद्यार्थ्याला फक्त लॅबपुरतं लिनक्स हवं असेल आणि रॅम ८ जीबी किंवा जास्त असेल, तर विंडोजच्या आतच व्हर्च्युअल मशिनमध्ये, म्हणजे खिडकीत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, लिनक्स चालवावं. बूटच्या वाट्याला जायचं कारणच उरत नाही.

ज्यांना दोन्ही पूर्ण ताकदीने हवीत त्यांनी दुसरी छोटी डिस्क, म्हणजे एसएसडी, घ्यावी. डेस्कटॉप असेल तर लिनक्स घालताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवायची. मग लिनक्सला आपलं ईएफआय पार्टिशन स्वतःच्याच डिस्कवर करावं लागतं आणि दोघांचं सामाईक असं काही राहत नाही. काम झालं की केबल परत लावायची आणि रोजची सिस्टीम क्रमात पहिली ठेवायची. दुसरी हवी असेल त्या दिवशी बूट मेनूची किल्ली दाबून निवडायची. लॅपटॉपमध्ये एकच जागा असेल तर हे जमत नाही. तिथे विंडोजचं मोठं अपडेट घेण्याआधी लाइव्ह यूएसबी कपाटात कुठे ठेवलाय ते आठवून ठेवा, आणि तो पेनड्राइव्ह गाणी भरायला कुणाला देऊ नका.